घोडके, उंटवाडी

आमचा पत्ता वाचून पोस्टमन आधी हसायचा:
घोडके, उंटवाडी, नाशिक.
पप्पा म्हणायचे, हसू दे. दोन मोहरे झाले,
बाकीचे येतील हळूहळू.

ते नाशिकरोडच्या प्रेसमध्ये,
दिवसभर नोटांचे नंबर तपासायचे,
संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पट मांडायचे,
आणि आमटी आली की वाटी डी-फोरवर.

भावाचं नाव शहाजी.
अहमदाबादच्या स्पर्धेत जोडीपत्रकावर लागलं: शहा, जी.
तीन दिवस लोक त्याच्याशी गुजरातीत बोलले,
शेअरचे भाव विचारले.
पहिल्या चालीआधी समोरचा म्हणे, शहा?
आणि हा म्हणे, इतक्यात नाही.

मी कस्तुरी उद्धव घोडके.
आपल्या तीन नावांतलं कुठलं खरं
हे संगणकाला कधी उमगलं नाही.
पुण्यात मी घोडके के. यू., जळगावात नुसती के.,
आणि सातपूरच्या मंगल कार्यालयात, तिसऱ्या फेरीत,
पट क्रमांक नऊ:
उद्धव घोडके विरुद्ध उद्धव घोडके.
पंच म्हणाले, छपाईची चूक.
पप्पा म्हणाले, प्रेसवाल्याला सांगता?
आणि काळे घेऊन माझ्यासमोर बसले.
चाळिसाव्या चालीला त्यांनी हात पुढे केला.
निकालात छापून आलं, उद्धव घोडके विजयी.
सहा महिने ते कॉलनीभर दाखवत फिरले,
एक अक्षर खोटं न बोलता.

माझं लग्न ठरलं तेव्हा काकांना काळजी आडनावाची.
वजीरे? राजे? निदान हत्ते?
बोरस्ते, म्हटलं. पिंपळगावचे, टोमॅटोची आडत.
काका पटाकडे बघत राहिले.
बोरस्ते चालतो कसा? सरळ की तिरका?

मी घोडकेच राहणार, सांगून टाकलं.
रेटिंग या नावावर आहे, सोळाशे बारा.
सासूबाईंनी मान डोलावली,
गॅसचं कनेक्शन असतं एकेकाच्या नावावर,
तसलंच काही असेल.
ताटात तांदूळ पसरले, त्याने अंगठीने लिहिलं: कस्तुरी.
होतं तेच.
माझ्या मागे आई, हातात नारळ,
कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली,
माझं सगळंच बदललं होतं.

आई माहेरची हत्तीअंबिरे. मंदाकिनी.
इथे आली आणि रत्नप्रभा झाली.
येवल्याच्या शाळेत म्हणे एक ढाल आहे अजून,
बुद्धिबळ, जिल्हा, मुली, शहाऐंशी,
त्यावर हे जुनं नाव.
पप्पांना माहीत नव्हतं. आम्हाला कुठून असणार?
इतकी वर्षं ती डी-फोरवरची वाटी उचलायची
आणि जाता जाता म्हणायची, उंट बघा.
आम्हाला वाटायचं, अंदाज.

प्यादं आठव्या घरात पोचलं की बढती,
असं आम्ही म्हणतो. करतो काय?
तेवढी चालत आलेली सोंगटी उचलून डब्यात टाकतो,
तिच्या घरात दुसरीच उभी करतो.

शहाजी म्हणाला, हत्ती घरातच होता की,
मोजला कुणी नाही.
पप्पा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी
ज्येष्ठ महिलांच्या स्पर्धेचा फॉर्म घेऊन आले.

आता टेबलाभोवती आम्ही सगळे,
माहेरपणाला आलेली मी, चष्मा पुसणारी आई.
नाव इंग्रजीत. चौकोन वीस.
हत्तीअंबिरे मंदाकिनी, अकरा आणि नऊ,
मधली जागा धरून एकवीस.
एक टी मारून टाक, पप्पा म्हणतात.
बळी द्यायला ते नेहमीच उतावीळ.
आई पेनाच्या टोकाने पुन्हा एकदा मोजते.
काही मारायला नको, म्हणते,
मधलं मोकळं घर सोडून देते.