एक दात जास्त

सात नंबरचं यंत्र थांबवलं की आधी वारा ऐकू येतो,
मग खालच्या मेंढ्या.
ऐंशी मीटर वर, फायबरच्या त्या डब्यात
मी गुडघ्यांवर, तोंडात टॉर्च,
गिअरबॉक्सचं झाकण उघडलेलं,
आणि तेलाचा तो वास, जुन्या नाण्यांसारखा.

बाहेर पाती मिनिटाला पंधरा फेऱ्या घेतात,
सावकाश, रविवारी चर्चला निघालेल्या माणसांसारखी.
आत तोच वारा दातांतून दातांत जात
शेवटच्या दांड्यावर पंधराशे होतो.
पुढच्या भागात एक सूर्य आहे, तीन ग्रह.
नावं मी दिलेली नाहीत, शिकताना तीच मिळाली.
इथे सूर्य सगळ्यात लहान
आणि घाई सगळ्यात जास्त त्यालाच.

गाळणीच्या चुंबकावर आज पुन्हा चमकता चुरा.
मार्चपासून ऑफिसला सांगतेय,
मधल्या चाकाचा आवाज बदललाय.
सांगून सांगून दातांच्या कण्या केल्या मी.
क्रेन ऑगस्टमध्ये, असं उत्तर आलं.
आता या कण्या खरोखरच्या,
चिमटीत धरल्या तर टोचणाऱ्या.

हे यंत्र डाउवेच्या शेतात उभं आहे.
भाडं डाउवेला.
सावली मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी
त्याच्या भावाच्या, वोब्बेच्या स्वयंपाकघरात पडते,
पावावर, लोण्यावर, चष्म्याच्या काचेवर:
आहे, नाही, आहे, नाही.
एकोणीस वर्षं दोघे एकमेकांवर दात धरून
समुद्राच्या एकाच बांधावरून मेंढ्या नेतात,
वेळा अशा ठरलेल्या
की समोरासमोर येणं नकोच.

गावातली पाणी उपसणारी जुनी लाकडी पवनचक्की
वोब्बे सांभाळतो. दर शनिवारी तिच्या दातांना मेण चोळतो.
मी चौदाची असताना त्यानेच सांगितलं होतं,
चक्की बांधणारे मुद्दाम एक दात जास्त घालत.
“नाहीतर काय होतं, सिट्स्के,
तोच दात त्याच दाताला भेटत राहतो,
याची खोट त्याच्यात रुतत जाते.
एक वाढवला की भेट चुकते.
सगळ्यांना सगळे भेटतात, झीज वाटली जाते.”
आणि खोट ज्याच्यात आहे तो?
“तो सगळ्यांना थोडा थोडा चावतो,”
म्हणाला, आणि मेणाचे हात पँटला पुसले.

ऑगस्टमध्ये क्रेन आली.
वाट फक्त वोब्बेच्या बटाट्यांतून होती.
कंपनीचा माणूस नुकसानभरपाईचे कागद घेऊन गेला
तर वोब्बेने आकडा वाचलाही नाही.
मला ते चाक बघायचंय, एवढंच म्हणाला.

दुपारी तीनला मधलं चाक खाली उतरलं,
पट्ट्यांत बांधलेलं, वाऱ्यावर जराशी गिरकी घेत,
आणि लाकडी फळ्यांवर आडवं झालं.
एका दाताचा कोपरा उडालेला,
बाकीच्यांवर राखाडी, देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

वोब्बे आपल्या कुंपणाकडून आला,
डाउवे आपल्या.
वोब्बे बोट ठेवून मोजू लागला,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
फेरी घालता घालता डाउवेचे बूट वाटेत आले.
ते एक पाऊल मागे सरले.
“सत्त्याण्णव,” वोब्बे चाकाला म्हणाला.
“अठ्ठ्याण्णव.” डाउवेही चाकालाच.

क्रेनवाल्याचा कॉफीचा कप ओठांपाशी थांबला.

“मोडका तू दोनदा धरलास.”
“मोडका म्हणून तू सोडूनच दिलास.”

मग डाउवेने डोक्यावरची टोपी काढली,
उडालेल्या दातावर ठेवली, खूण म्हणून,
आणि दोघे निघाले,
एक डावीकडून, एक उजवीकडून.

बरोबर आकडा माझ्या खिशात होता, नकाशावर छापलेला.
मी ओठ मिटून
क्रेनच्या पट्ट्या गुंडाळत राहिले.