साडेसातशे की पाचशेसत्तर

दोन्ही कार्डं टेबलावर, खाली कालचं वर्तमानपत्र.
साडेसातशेला एकच पंखा,
कडेच्या तांब्यावर हिरवट थर चढलेला.
आनंदवाडीच्या वाऱ्याला मीठ मोजून द्यायची सवय नाही.
पाचशेसत्तर जाडजूड, दोन पंख्यांचं,
पुण्याच्या कुठल्याशा गोदामात दोन वर्षं
रात्रंदिवस आकड्यांची नाणी खणून आलेलं,
अजून अंगाला तापल्या प्लास्टिकचा वास.

भिकाजी तांडेल स्टुलावर, एक गुडघा लांब करून.
ट्रॉलर विकला त्याला तीन वर्षं झाली.
आता ते होडीचा गेम खेळतात,
चष्मा कपाळावर,
गरीची दोरी धरावी तसा माऊस धरून.
"साडेसातशे म्हंजे मोठा मां?"
नाही काका, कंपन्या वेगळ्या,
आकडे आपापल्या घरचे.
बांगड्याचा भाव आणि बर्फाचा भाव
एका पाटीवर लिहून कोण थोर ते कसं ठरवायचं?

तेव्हा चाचणी.
तोच गेम, तेच बंदर, तेच वादळ,
माझा तोच दहा वर्षांचा प्रोसेसर.
कोपऱ्यातला आकडा सांगतो, सेकंदाला चित्रं किती.

पाचशेसत्तर: अठ्ठावन्न, एकसष्ट, अठ्ठावन्न.
लाटेच्या शेंड्याशेंड्यावर फेस,
डोलकाठीची सावली पाण्यात मोडते, पुन्हा जुळते.
पंखे बर्फाच्या कारखान्यासारखे ओरडतात, तेवढंच.
मला वाटलं, संपलं. यात तुलना कसली.

साडेसातशे: एकतीस. सव्वीस. वादळात बावीस.
फेस बंद करावा लागला, सावल्या बंद,
पाण्यातली प्रतिबिंबं बंद, दूरचा डोंगर अर्धवट.
दोन जीबीत समुद्र मावत नाही,
मग कार्ड पाणी नुसतं सपाट रंगवतं,
राखाडी, थोडं हिरवं,
वर उजेडाची एक ओळ.

तांडेल पुढे वाकले.
"ह्या पाणी बघ," म्हणाले,
"वारो पडलो काय आश्विनात असाच दिसता."
पण फेस नाही काका.
"फेस माका कित्याक दाखवतंस?
जल्मभर तोच धुतलंय अंगावरसून."

तरी मी हट्टाने पुन्हा पाचशेसत्तर लावलं,
आठ पिनांची वायर खुपसली,
म्हटलं, चार जीबी आहे, अजून पाच वर्षं निघतील,
तुमचा नातू सुट्टीत आला तर त्याचे मोटारींचे
एवढ्यात लाईट गेली.
दुकानाचा इन्व्हर्टर एकदा चिरकला
आणि वादळासकट होडी काळी झाली.
सड्यावर पवनचक्क्या फिरतच होत्या,
कुणासाठी कोण जाणे.

अंधारात त्यांचा आवाज,
"आता ता लाव, धाकला."
त्याला वेगळी वायर नको, काही नको.
साठ वॅटात भागतं.
तेवीसवर अडखळत होडी निघाली.
मी चारदा तरी म्हणालो असेन, काका, अडकतंय.
"अडकां दे. खरी होडी तरी खंय सरळ चलता?"

अठराशे मोजले, शंभराच्या नोटा,
त्यात एक फाटकी, ती मी न बघता ठेवली.
दारात थांबून विचारलं,
"ता दुसरा कोणाक देतलंस?"
बघू, म्हणालो.

पाचशेसत्तर अजून फळीवर आहे,
डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत,
दमट हवा लागू नये म्हणून.
कधी रात्री शटर अर्धं ओढून लावतो मी ते.
वादळ चालू करतो. अठ्ठावन्न, एकसष्ट.
एकेक शेंडा, एकेक थेंब.
मग सेटिंगमध्ये जाऊन फेस बंद करतो,
सावल्या बंद,
प्रतिबिंबं बंद.
आकडा चौऱ्याऐंशीवर जातो.
पाणी काही तसं होत नाही.