सालीचा आवाज

बेल्मीरू तिसऱ्यांदा आला तेव्हाही
उजव्या खांद्याबद्दलच बोलला.
फोटो स्वच्छ, रक्त स्वच्छ.
पडद्याकडे बघतच मी म्हटलं, वय झालं, मलम लावा.
बाहेर अकरा जण बसलेले. आलेंतेजोचं जूनचं ऊन,
खिडकीची पट्टी तापून वाकलेली.

तो उठला नाही.
टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला,
"डॉक्टरीणबाई, तुम्ही कुऱ्हाड फार लवकर मारता."

मला राग आला, खरं सांगते.
कीबोर्डवरून हात काढले
तेही बहुधा रागानंच.

मग तो सांगत गेला, बाटल्यांना लागतं त्या बुचाच्या ओकाबद्दल.
नऊ वर्षांनी एकदा साल काढायची,
उघड्या खोडावर ते साल लिहायचं,
पांढऱ्या रंगात, शेवटचा आकडा फक्त.
पहिला घाव हलका. घालायचा आणि ऐकायचं.
पोकळ, फाटल्यासारखा आवाज आला
तर साल सुटायला तयार आहे.
कोरडा, तुटका आला तर थांबायचं,
झाडाला अजून द्यायचं नाहीये.
जोर केलात तर आतली कोवळी पाठ कापली जाते,
तिथे पुन्हा साल धरत नाही.

एवढं बोलून गप्प झाला.
मीही काही विचारलं नाही.
नर्स दाराशी येऊन, बघून गेली.

टोपीची कड चाचपत मग म्हणाला,
"दोन हंगाम झाले. मला तो आवाज येत नाही.
लुदुवीनाला सांगितलं नाही,
मुकादमाला तर नाहीच.
अंदाजानं मारतो. जरा जास्तच जोरात मारतो,
म्हणजे हाताला तरी कळेल."

तीन भेटी मी खांद्याला विचारत होते
आणि खांदा कानाचं सांगत होता.

दिवा लावून दोन्ही कान पाहिले.
मळ नव्हता. असता तर बरं झालं असतं.
एव्होराच्या कानाच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली,
यंत्र मिळेल म्हटलं, वेळ लागेल,
सगळे आवाज परत येतीलच असं नाही.
त्यानं मान हलवली, भाव ठरल्यासारखी.

चिठ्ठी खिशात घालताना विचारलं,
"आणि मी जखमी केली ती झाडं?
सात आहेत."

त्याचं औषध माझ्याकडे नव्हतं.
बाहेर अकराचे चौदा झाले होते.
त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून
मी म्हटलं, कुठली कुठली?

"पहिलं," तो म्हणाला, "विहिरीजवळचं,
दोन फांद्यांचं..."