परतीच्या वजनाची सॅक

हॅडलीच्या दुकानात, चॅलिस गावी,
सप्टेंबरातल्या एका मंगळवारी
मी चौथी सॅक पाठीवर घेऊन उभी आहे.
आत वाळूच्या दोन थैल्या, वीस-वीस किलोच्या,
आणि घरून आणलेली माझी रायफल, रिकामी, बोल्ट काढलेली.
"चाल," हॅडली म्हणतो, "गळांच्या फळीपासून
बुटांच्या मांडणीपर्यंत. मग जिना. मग पुन्हा."
मी चालते.

पहिली दिसायला देखणी होती.
रायफल मधोमध, कण्याला धरून,
नळी डोक्याच्या वर वीतभर.
मी वाकले, तर खुंटीवरची टोपी खाली पडली.
टोपीच्या जागी फरची फांदी असती
तर फांदीवरचं सगळं बर्फ माझ्या मानेत.

दुसरीत रायफल एका कुशीला.
दहा पावलांत मी कलले,
कडेवर मूल घेतलेल्या बाईसारखी.
"दुसऱ्या कुशीला पाणी भर," हॅडली म्हणाला,
"तोल आपोआप साधतो."
पाणी पिऊन संपतं, हॅडली.
रायफल संपत नाही.

तिसरीचा कंबरपट्टा पुरुषासाठी बेतलेला,
आणि पुरुषही असा, ज्याला कंबरच नाही.

ही चौथी मात्र काही बोलत नाही.
दस्ता तळाच्या खोबणीत बसलाय,
नळीला वर एकच पट्टा, हात मागे नेला की हाती लागणारा.
पाठ आणि पिशवी यांच्यामध्ये एक फट,
तिथं मांस ठेवायचं, अंगालगत,
म्हणजे उतारावर ते मागे ओढत नाही.
जाताना कुठलीही सॅक बरी वाटते.
ओझं कळतं ते येताना,
अंधारात, गुडघे बोलायला लागल्यावर,
एल्कची अख्खी तंगडी घेऊन खाली उतरताना.

"इतकी वर्षं कशातून आणत होतीस?"
हॅडली विचारतो, आणि लगेच
दोऱ्यांची रिळं नीट लावायला लागतो.
त्याला माहीत आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे.
एकतीस हिवाळे दोन्ही रायफली बित्तोरकडे,
मांस माझ्याकडे; ओढा ओलांडला की उलट.
कोण किती दमलंय हे विचारावं लागत नसे.
पट्ट्यांच्या करकरण्यावरून समजायचं.

बित्तोर बाहेर पिकअपमध्ये बसलाय.
नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनची टाकी, काच अर्धी खाली.
"पाठ तुझी, निवड तुझी," म्हणाला होता,
आणि रेडिओचा आवाज वाढवला होता.

मी पैसे देते. वाळू परत करते.
सॅक त्याच्या मांडीवर ठेवते.
तो आधी शिवण बघतो,
बापाच्या मेंढ्यांचे खूर बघायचा तसा,
एकेक, उलटून, घाई न करता.
मग डोळे मिटून चेन ओढतो.
खर्रर्र.
"हे पलीकडच्या खोऱ्यातल्या एल्कलासुद्धा ऐकू गेलं."
"मग घेऊ नको म्हणतोस?"
"मेणबत्ती दे."

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक तुकडा असतो,
बर्फात गाडी अडकली तर म्हणून.
ऑक्सिजनशेजारी तो पेटवायचा नाही
हे त्याला सांगावं लागत नाही.
तो चेनचा एकेक दात मेणानं घासतो.
पाच-सहा दात, मग श्वास.
पाच-सहा दात, मग श्वास.
काचेपलीकडे लॉस्ट रिव्हरचे डोंगर,
वरच्या तिसऱ्या भागावर नवं बर्फ.
हॅडली दारात येतो, बघतो, आत जातो.

दुसरी बाजू अर्धी झाल्यावर
बित्तोर मेणबत्ती माझ्या हातात देतो.
"उरलेलं तू कर. मी बघतो."
मी घासते. तो बघतो.
"खाली. नाही, अजून खाली. तिथं वळतं बघ."
चेन ओढून पाहिली.
फक्त रेडिओ ऐकू आला.

कितीला पडली, हे त्यानं विचारलं नाही.
किमतीची चिठ्ठी मी दुकानातच तोडली होती.