सहा बाय सहा

थळंग्यांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा
खुर्च्या, पडदे, स्टँडचे दिवे सगळं भंगारात गेलं.
हा दोन भिंगांचा डबा वजनात भरेना,
म्हणून माझ्याकडे आला.
चामडी पट्ट्याला अजून त्यांच्या मानेचा घाम आहे.

छातीशी धरायचा, झाकण उघडायचं
आणि मान खाली घालून बघायचं.
समोरच्याला वाटतं, याचं काहीतरी पडलंय.
काचेवर सोलापूर उलटं चालतं,
डावीकडे जाणारी रिक्षा उजवीकडे जाते,
मी तिच्यामागे वळतो आणि ती निसटते.
दीड वर्ष झालं, हात अजून चुकतो.

पूर्व भागात इरय्या गुर्रमच्या शेडमध्ये
चार मागांची खटखट इतकी
की शटर मला बोटानंच ऐकावं लागतं.
त्यानं ओरडून विचारलं, कितीला पडतो एक फोटो?
रोल बाराशेचा, त्यात बारा, धुणावळ घरची.
शंभर, म्हणालो.
त्यानं ओठ हलवत हिशेब केला.
मोजणी तो तेलुगूतच करतो, उत्तर मराठीत देतो.
“सव्वीस टॉवेल.”
मग सदऱ्याचं वरचं बटण लावलं.
“माझा नको. ह्याचा घे. शनिवारी जातोय हा, किलोवर.”
हा म्हणजे तिसरा माग,
ज्याच्या धोट्यानं त्याचं नख दोनदा नेलंय.

वर एका पत्र्याच्या जागी काच, काचेवर सुताची धूळ.
मीटर नाही माझ्याकडे. थळंग्यांच्या वहीत लिहिलंय :
‘कारखान्यात दुपारी साडेतीनवर पंधरा,
आणि सिद्धेश्वराचं नाव.’
एका सेकंदाचे पंधरा तुकडे, त्यातला एक.
तुम्हीही उभे राहा मागे, म्हणालो. हलू नका.
माग थांबवा म्हणायला तोंड उघडलं होतं,
सव्वीस टॉवेल आठवले,
मिटलं.

पाणी पाचव्या दिवशी आलं.
एप्रिलचं पाणी, नळातूनच निम्मं उकळलेलं.
औषधाला वीस अंश लागतात.
सोलापुरात वीस अंश बर्फगोळेवाल्याकडे मिळतात,
गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर
ठिबकत ठिबकत घरी येईपर्यंत सोळाशे थेंब कमी.
न्हाणीच्या फटीत टॉवेल कोंबला.
अंधारात फिल्म रिळावर दोनदा अडकली.
बाहेरून बायको : आटप, टाकी भरायचीय.

तीन फुकट गेल्या.
एकीत गुंडाळायला विसरलो होतो,
तर तळ्याच्या पाण्यावर
कडक भाकरीची थप्पी तरंगतेय.
ती ठेवलीय मी.

सातवी दोरीवर, चिमट्याला.
माग नाहीच. मागाच्या जागी नुसता वाफारा.
वाफाऱ्यात इरय्या, खिळ्यासारखा ठाम.
डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर
तीस वर्षांचं पांढरं सूत बसलेलं,
निगेटिव्हवर ते काळं.
काळेभोर केस. उजळ गाल.
कुठल्याशा लग्नाला निघालेला मुलगा.

रविवारी पट्टी घेऊन गेलो.
तिसऱ्या मागाच्या जागी बोल्टांची चार भोकं
आणि फरशीचा एक चौकोन, बाकीच्या जमिनीहून नवा.
राजव्वानं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली.
“एवरु?” तिनं विचारलं. कोण हा?
मग काही विचारलं नाही.
इरय्यानं बराच वेळ बघितलं.
“माग कुठाय?”
हललाय, म्हणालो.
“हलणारच की. चालू होता.”

मोठा प्रिंट काढून देतो, पट्टी द्या, म्हणालो.
तोवर राजव्वानं ती
रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली होती.
त्यानंतर दोनदा मागून बघितली.
दोन्ही वेळा ती म्हणाली,
ऊन उतरू दे, मग बघू.