हाफ क्लच

तीन आठवडे लोटलीच्या फुटबॉल मैदानात
मी गोलपोस्टांना घाबरवलं.
दोन म्हशी, एक मोडकं बाकडं, शेवाळलेला क्रूस,
कुणालाच कुठे जायची घाई नव्हती.
पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला.
इनास शेजारी बसून शेंगा सोलायचा,
टरफलं डॅशबोर्डवर रचायचा
आणि ब्रेकचे मार्क त्यावरूनच द्यायचा:
किती सांडली.

आज म्हणाला, ‘बाय, मैदान संपलं.’

वेर्ण्याचा हायवे.
ताग्यावरून कापड सुटावं तसा सुटलेला.
टँकर. मासळीची गाडी, तिच्या फटीतून गळणारं बर्फाचं पाणी.
भाड्याच्या स्कूटरवर हेल्मेट कोपराला अडकवलेली दोन पोरं.
विमान चुकेल म्हणून स्वतःच उडत चाललेली टॅक्सी.
आणि कडेला मी,
बावन्न वर्षांची, लाल एल लावलेली,
उजवा दिवा टिकटिकत.

बराच वेळ टिकटिकत.

इनासनं बावीस वर्षं उसगावच्या खाणीवर ट्रक चालवला.
दहा टन लाल माती पाठीशी घेऊन
घाट उतरलेला माणूस, आवाज चढवत नाही.
‘ह्या दिव्यानं परवानगी मागू नको. खबर दे.
मागं बघ. जागा दिसली की वच.’

मी गेले.
म्हणजे अर्धी गेले.
नाक लेनमध्ये, शेपूट कडेला,
आणि इंजिन गप्प.

चावी. गचका. चावी. गचका.
कुणीतरी खिडकीतून मान काढून
मला माझ्या स्वयंपाकघराचा पत्ता सांगितला.
‘क्लच,’ इनास म्हणाला, ‘क्लच.’
पाय चाचपत होता,
अंधारात चप्पल शोधावी तसा.

तेवढ्यात आरशात कदंब बस आली,
तिरकी झाली,
आणि मागचा सगळा रस्ता अंगावर घेऊन थांबली.
आठ-दहाची मडगाव–पणजी.
हिच्यात मी एकोणीस वर्षं बसतेय, तिसऱ्या बाकावर.
ड्रायव्हरची मान मला पाठ आहे:
उजवीकडे चामखीळ, कॉलरवर घडी घातलेला रुमाल.
तोंड आज नीट पाहिलं,
तेही उलटं.
त्यानं हात बाहेर काढून
गाय हाकावी तसा हलवला.

हाफ क्लच. थरथर. सुटले.

कुठ्ठाळी कधी गेली कळलं नाही.
झुआरीच्या पुलावर दोन्हीकडच्या तारा मागे पळायला लागल्या.
‘खाली बघू नको.’
खाली कुठेतरी फेरीचा जुना धक्का असणार.
तिथं दोर पडेपर्यंत सगळेच थांबायचे,
सायकलवाला पोदेर, ट्रक, आम्ही.
नाही बघितलं.

इनासच्या पायाशीही एक ब्रेक आहे.
त्याच्याकडे मात्र चोरून बघितलं.
चपला काढून, मांडी ठोकून
तो शेवटची शेंग सोलत होता.
विश्वास म्हणावा की कंटाळा,
अजून ठरत नाही.

आगशीला गाडी बाजूला घेतली.
बस दोन छोटे हॉर्न देऊन पुढे गेली,
तिसऱ्या बाकावर कुणी दुसरंच.
सगळी टरफलं माझ्या मांडीवर.
इनासनं ती मोजली नाहीत.

‘आतां परत,’ म्हणाला.
मी उजवा दिवा लावला
आणि मागं बघितलं.