छाट

मे महिन्यात सोलापूर
रात्री नऊनंतर श्वास घेतं,
म्हणून कन्ना चौकामागच्या मारुतीच्या पारावर
प्रवचन साडेनऊला.
विषय होता अमानित्व.
ज्ञान झाल्याची पहिली खूण:
मान नकोसा होणं.

छान रंगलं. माईकनं एकदाही शिट्टी मारली नाही.
टॉवेल कारखान्याचे मालक पहिल्या रांगेत
डोळे पुसत होते
(घाम असेल. तेव्हा तसं वाटलं नाही).
शाल झाली, नारळ झाला,
शेंगापोळीचा द्रोण हातात आला,
आणि चपलांच्या ढिगाशी
नर्सव्वा चिप्पा म्हणाली,
"सर, एकशे सत्तावीस."

"काय?"

"'मी'. इतक्यांदा म्हणालात.
पाच कट्टे, वर दोन.
'माझं', 'मला' धरलं नाही,
त्याला वेगळं सूप लागेल.
रागवू नका ओ. मुद्दाम नाही मोजलं.
हात रिकामा असला की
बोटं आपली मोजत बसतात."

हसलो. असं हसलो की जबडा दुखला.

अशोक चौकापर्यंत लुनावर उत्तरं जुळवली.
बाई, बोलणाऱ्याला 'मी' लागतोच.
बाई, तो 'मी' म्हणजे हा देह नव्हे.
बाई, तुमचं शिक्षण किती?
तिसरं उत्तर जिभेवर आलं
आणि लुना बंद पडली.
पेट्रोल संपलं होतं, उगीच दुसरा अर्थ नको.
पण ढकलत नेताना
तेच उत्तर परत परत चाकाखाली येत राहिलं.

एकतीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं:
जातो, येतो, सांगतो.
क्रियापदाच्या शेपटीतच बसलेला असतो कर्ता,
वेगळा लिहायची गरज नसते.
गरज कुणाला होती, एकशे सत्तावीस वेळा?

सकाळी तिच्या विडी कारखान्यावर गेलो.
खरं सांगायचं तर, जाब विचारायला.

खिडकीशी बायकांची रांग,
काखेत फडक्यात बांधलेली सुपं.
तपासनीस मूठभर विड्या उचलायचा,
अंगठ्यानं दाबायचा,
नापसंत ती बाजूला भिरकावायचा.
ढिली. छाट.
तोंड उघडं. छाट.
पान फाटकं. छाट.

नर्सव्वाच्या चाळीस काढल्या त्यानं.
मागची बाई त्याच्या सात पिढ्या मोजू लागली, तेलुगूत.
नर्सव्वानं चाळीसच्या चाळीस पदरात घेतल्या,
भिंतीच्या सावलीत बसली,
एकेक उजेडात धरून बघू लागली.
"ही ढिलीच हाय."
"ही बी."
"ही मात्र उगीच टाकली त्यानं."
आणि तीही पदरातच ठेवली,
पुन्हा उकलून वळायला.

"राग नाही येत?"

"येतो की. पयल्या वर्षी रडायचे.
मग कळलं,
तो विडी टाकतो.
मला कुठं टाकतो?"

इतक्या वर्षांत
हे वाक्य पोथीत दिसलं नव्हतं.
असेलही.
बोट ओलं करून
पान उलटलं असेल घाईत,
पुढे टाळ्यांची जागा होती.

जाब खिशातच राहिला.
तिच्या नखांत तंबाखूचा काळा काठ,
आणि माझ्या झोळीत कालची शाल,
अजून घडी न मोडलेली.
ती तिला द्यावी, असं मनात आलं.
मग लक्षात आलं, देताना कोण कोण बघेल
हेही त्याच वेळी मनात आलं होतं.
राहू दिली झोळीत.

पुढच्या गुरुवारी प्रवचन लवकर संपलं.
जागोजाग अडखळलो,
जीभ दातांखाली धरत, वाक्यं उकलत,
पुन्हा वळत.
मालक मध्येच उठून गेले.
नारळ लहान होता.

चपलांपाशी ती थांबली होती.
"एकोणीस," म्हणाली.

"बघा! म्हणजे मी..."

"वीस."